अक्काचे हात आणि माझी शेवटची ओळ

भीती घालून माणसाला शहाणं करता येतं, असं तुम्हालाही वाटतं का? मला वाटायचं. आणि आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. बेंगळूरच्या शिवाजीनगरात अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, छोटा छापखाना. अंगारेधुपाऱ्यांविरुद्धची पत्रकं वाचत मी मोठी झाले, कॉलेजात गेल्यावर स्वतःच लिहू लागले.

चौऱ्याण्णव साली सुरतेत प्लेग आला आणि इथं बेंगळूरातही लोक तोंडाला रुमाल बांधून हिंडू लागले. मी रागारागानं एक पत्रक लिहिलं. कचरा साठवू नका, मेलेल्या उंदराला हात लावू नका, ताप आला तर डॉक्टरांकडे जा... आणि शेवटी छपाईच्या जाड खिळ्यांत, ठळक अक्षरांत, एक ओळ — 'तुमच्या घाणेरड्या हातांनी तुमच्याच घरातलं लेकरू मरेल.' प्लेग काही असा पसरत नाही, हे मला माहीत होतं. पण ओळ जोरदार होती. अण्णा म्हणाले, शेवटचं जरा कडक झालंय. मी म्हटलं, कडक आहे म्हणूनच लोक वाचतील.

लोकांचं माहीत नाही, अक्कानं वाचलं. अक्का अण्णांची मोठी बहीण, विधवा, आमच्याकडेच राहायची. माझी मोठी बहीण, ताई, बाळंतपणाला आली होती. तिच्या बाळाला तेल लावून न्हाऊ घालणं हे अक्काचं काम. आता ती त्याआधी हात धुऊ लागली. मग धुतच राहू लागली, कोपरापर्यंत. हाक मारली की म्हणायची, "स्वल्प थांब गं, अजून निघालं नाही." बाळ रडून रडून झोपून जायचं. अण्णा चेष्टा करायचे, हिच्या तळहातावरच इडली वाढा आता. आणि मी? मी शेजाऱ्यांना तिचं उदाहरण देत होते.

पुढं भेगा पडून रक्त येऊ लागलं आणि तिनं बाळाला शिवायचंच सोडलं. डॉक्टरांनी पट्ट्या बांधल्या. म्हणाले, हे भीतीचं दुखणं आहे, मनाच्या डॉक्टरांना दाखवा. मी उसळले — नियम पाळते म्हणून तिला वेडी ठरवायची का? आम्ही नेलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी अक्का तापानं पडून होती, दोन्ही हात पट्ट्यांत. मी तिच्या उशाशीच होते. अण्णा छापखाना उघडायला गेले आणि तसेच परत आले. हातात माझं पत्रक. शेवटची ओळ नव्हती. तेवढाच कागद ओला, सुरकुतलेला. बाकी सगळा कोरडा. मी बाहेर धावले. गल्लीतली भिंत, हॉटेल, बस स्टँड... चिकटवलेल्या प्रत्येक पत्रकावरून तेवढीच ओळ गेलेली.

कुणीतरी पुसली असेल? छापखान्याची शाई तेलाची असते, पाण्यानं जात नाही. रॉकेलनं पुसली तर डाग पसरतो. इथं डागही नव्हता. आणि कुलपात ठेवलेला गठ्ठा? तोही तसाच, अगदी तळच्या प्रतीपर्यंत — आणि त्याला साबणाचा वास. किल्ली तर अण्णांच्या जानव्याला.

मी एक प्रत घरी आणली. अक्का म्हणाली, "वाच." मी वाचत गेले, खाली आले, थांबले.

"पुढं?"

"पुढं काही नाही, अक्का."

ती कागदाकडे बघत राहिली. "मग ते मला कुणी सांगितलं?"

"मी," मी म्हटलं. "मी सांगितलं. खोटं होतं ते."

दुसऱ्या दिवशी तिला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. अक्का बरी झाली, पण बरेच महिने गेले. तोवर ताई बाळाला घेऊन सासरी गेली होती. रांगणारं बाळ परत आलं तेव्हा त्यानं अक्काला ओळखलं नाही.

ओळ कशी गेली, ते आजही मला सांगता येत नाही. पण जी पत्रकं लोकांनी घरी नेली, त्यांचं काय झालं? ती तुमच्यापैकी कुणाकडे असली तर खाली बघा. ओळ शिल्लक असेल तर फाडून टाका. आणि घरात कुणी हात धूत उभं असेल, तर हसू नका. शेजारी जाऊन उभे राहा, त्यांना कसली भीती वाटते ते विचारा, आणि डॉक्टरांकडे घेऊन जा. माझ्यासारखा वेळ घालवू नका.