कवीच्या मयताची भाकरी

कवी म्हणून माझी पहिली निवड झाली ती मेलेला कवी म्हणून. ही तक्रार नाही. त्याआधीच्या आठ वर्षांत जिवंत कवी म्हणून मला कुणी बोलावलं नव्हतं, तेव्हा तक्रार करायला तोंड नाही.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील कसबा बावड्यात पिठाच्या गिरणीवर कामाला. संध्याकाळी घरी येतात तेव्हा भुवयांपासून चपलांपर्यंत पांढरे असतात. मी मराठी घेऊन एम.ए. केलं, पहिल्या वर्गात केलं, आणि एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायला लागलो. तासिका तत्त्व म्हणजे तास चालू आहे तोवर आपण सर. घंटा झाली की आपण पुन्हा आपल्या बापाचा पोरगा.

हातकणंगल्याच्या मामांना माझं शिक्षण कधी पटलं नाही. माझा निकाल लागला तेव्हा पेढा तोंडात टाकून ते म्हणाले, "एवढं शिकून गिरणीची पाटी तरी नीट लिवशील न्हवं?" आणि मी कविता करतो हे कळल्यावर आईला बाजूला घेऊन म्हणाले, "आक्का, दारू सोडवायला तरी मानसं हायत. ह्याला औषध न्हाई."

तर त्या हिवाळ्यात मंगळवार पेठेत सिनेमाचं शूटिंग आलं. जुन्या काळातली गोष्ट. गरीब कवी, इनामदाराची मुलगी, चोरून पत्रं, खोकला. असल्या गोष्टीतल्या कवीला खोकला लागतोच. नुसत्या गरिबीनं मरायला माणसाला फार वर्षं लागतात आणि सिनेमा अडीच तासांत संपवायचा असतो. सिनेमाला गर्दीची माणसं पुरवणारा एक जण आमच्या गल्लीत राहतो. त्यानं सांगितलं, "सर, त्यांस्नी कविता पायजे. कवी मरतोय तवा म्हनायला. लिवणारा मिळंना झालाय."

मी इस्त्रीचा शर्ट घालून, कवितांची फाईल घेऊन सकाळी सातला हजर झालो. घरी फक्त वडिलांना सांगितलं. कविता घेतली तर पडद्यावर आपलं नाव येणार, एवढंच सांगितलं. मी निघाल्यावर वडील दारापर्यंत आले, आणि ते कधी येत नाहीत.

तिथं वेगळाच गोंधळ चालला होता. त्या दिवशी कवीची अंत्ययात्रा घ्यायची होती आणि हीरो तिरडीवर झोपायला तयार नव्हता. ज्योतिषानं त्याला वर्षभर चौघांच्या खांद्यावर जायला मनाई केली होती. चेहरा लांबूनच दिसणार होता, म्हणून दुसरं कुणीतरी चालणार होतं. दिग्दर्शकानं माझ्याकडे बघितलं. फाईलकडे नाही, माझ्याकडे.

"सर, तुमची तब्येत अगदी कवीसारखी आहे," तो म्हणाला. "एवढं करून द्या. संध्याकाळी सहाला लॉजवर या, निवांत कविता ऐकतो."

आता मी स्वाभिमानी माणूस आहे, हे कुणालाही विचारा. पण स्वाभिमानाला समोर संधी दिसली की तोही जरा आडवा होतो. मी फाईल आणि फोन एकाच्या हवाली केला आणि झोपलो. नाकात कापूस, कपाळाला गुलाल, अंगावर पांढरं कापड.

कॅमेरा वरच्या मजल्यावरच्या खिडकीत लपवला होता, रस्त्यावरचे लोक खरे वाटावेत म्हणून. ते खरे वाटले, कारण ते खरेच होते. पानवाल्यानं शटर अर्धं ओढलं. गाड्या थांबल्या; जुन्या काळात नसलेलं सगळं नंतर कॉम्प्युटरवर पुसणार होते. एक म्हातारे चपला काढून पुढे आले आणि दहा पावलं त्यांनी खांदाही दिला. चालता चालता त्यांनी विचारलं, "कुनाचा पोरगा?" खांदेकऱ्यांपैकी एक म्हणाला, "कवी होता."

"कवी व्हय?" म्हातारे म्हणाले. "मग सुटला."

मी डोळे मिटून ऐकत होतो. दिग्दर्शकाला तो प्रसंग तीनदा घ्यावा लागला, कारण दर वेळी ते 'सुटला' आठवून मयताचं पोट हसण्यानं हलत होतं.

चार वाजता मी घरी आलो. आई शेजारी गेली होती. तोंड धुऊन उंबऱ्यावर चहा पीत बसलो होतो, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी एक टेम्पो थांबला. आणि त्यातून रडण्याचा आवाज आला. आधी मामी उतरल्या. त्यांनी हेल काढला तो सगळ्या गल्लीनं ऐकला:

"आरं माझ्या वाघाऽऽ! वाचून वाचून डोळं घालवलंस रंऽऽ! नोकरी न्हाई, बायकू न्हाई, कशाला एवढं शिकलास रंऽऽ!"

माझ्या आयुष्याचा एवढा नेमका आढावा कुणी घेतला नव्हता. मी चहा घेऊन उभा राहिलो. मामा खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावून, खाली मान घालून आले, माझ्याच गळ्यात पडले आणि हुंदके देत म्हणाले, "किती वाजता न्हेला रं?"

"कुणाला?" मी म्हणालो.

मामांनी मान वर केली. बघितलं. पुन्हा बघितलं. मग एक मुस्काटात ठेवून दिली आणि लगेच मला छातीशी धरलं. दोन्हींचा जोर सारखाच होता.

झालं होतं असं, की त्यांची शेजारीण भाजी घेऊन मंगळवार पेठेत बसते. तिनं मला जाताना बघितलं. धोतर-टोपीतली एवढी माणसं बघून तिला वाटलं, मोठ्या मानानं नेलं. तिनं मामांना फोन केला. मामांनी माझा फोन लावून बघितला, तर तो बंद. मेलेल्याचा फोन बंदच असणार. मग घरी का नाही लावला, असं मी नंतर विचारलं, तर मामा चिडले. "असलं फोनवर इचारत्यात व्हय? तुमचा पोरगा गेला का हो, म्हनून? शिकलेलं हाईस न्हवं तू?" आमच्याकडे वाईट बातमीची खात्री करत नाहीत. निघतात. आणि रिकाम्या हातानं निघत नाहीत, कारण मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटवायची नसते. पाव्हण्यांनीच पिठलं-भाकरी करून आणायची, घरच्यांना बळंबळं चार घास खायला घालायचे. त्याला कडू भाकरी म्हणतात. मामींनी गल्लीतल्या बायका जमवून दोन तासांत मोठी पाटी भरून भाकरी थापल्या होत्या. शिवाय पिठल्याचं पातेलं. ते आता टेम्पोतून उतरवून ओसरीपाशी ठेवलं होतं.

आई आली. तिला सगळं कळायला पाच मिनिटं लागली. तिनं मला हात लावून बघितलं, मग शिव्या घातल्या, मग दारात आडवी उभी राहिली.

"ती पाटी आत आनायची न्हाई. माझं पोरगं जितं हाय."

"आन मी काय माघारी न्हेऊ?" मामा म्हणाले. "कडू भाकरी माघारी न्हेत्यात व्हय? माझ्या घरातबी लेकरं हायती की."

"मग दे कुनालातरी."

"कुनाला देऊ? असली भाकरी कोन घेतंय?"

खरंच पेच होता. टाकून द्यावं तर अन्न. आत घ्यावं तर अपशकुन. परत न्यावं तर तोही अपशकुन. टेम्पोतली मंडळी रडून घेतल्यामुळं भुकेजली होती, पण पाटीला कुणी हात लावेना. मी म्हणालो, ह्या सगळ्या अंधश्रद्धा आहेत, आणा मी खातो. तर आईनं अशा नजरेनं बघितलं, की माझा पहिला वर्ग गळून पडला.

वडील गिरणीतून आले. पांढरेफेक. दारात टेम्पो, रडकी माणसं, भाकरीची पाटी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"मेलाय कोन?"

"कोन न्हाई!" आई ओरडली.

"मेलाय की. त्यो सिनेमातला कवी. मग ज्याचं मयत त्याच्या घरी द्या."

मामांनी पाटी उचलून पुन्हा टेम्पोत ठेवली. आणि मला सहाला लॉजवर जायचंच होतं.

असे आम्ही, म्हणजे मी, फाईल, मामा, मामी, पाटी आणि पातेलं, टेम्पोतून लॉजवर गेलो. वडील यायला तयार नव्हते. "तू वाच जा," म्हणाले. "मला काय कळतंय."

लॉजवर आनंदीआनंद झाला. ती माणसं आठवडाभर पनीर खाऊन कंटाळली होती. हीरोनं भाकरी हातात घेतली, डोळे मिटले आणि म्हणाला, "हे खरं कोल्हापूर!" त्यानं तीन भाकरी खाल्ल्या. ज्योतिषाच्या भीतीनं तिरडीवर न झोपलेला माणूस त्याच तिरडीची भाकरी बोटं चाटत खात होता. मामा त्याच्या शेजारी जाऊन बसले. त्यांना राहवेना. त्याच्या पाठीवरून हात फिरवत ते गंभीरपणे म्हणाले, "खावा पावणं, पोटभर खावा. जानारा गेला. आपल्याला जगाय पायजे."

हीरोला ते फार खोल वाटलं. त्यानं कुणाला तरी ते लिहून घ्यायला सांगितलं.

मग दिग्दर्शक माझ्याकडे वळला. "हं सर, ऐकवा." मी फाईल उघडली. वाचली ती ही:

तू गेलीस त्या दिवशी
दळण गिरणीतच राहिलं.
दुसऱ्या दिवशी आणायला गेलो
तर गिरणीवाला म्हणाला,
काल न्यायचं होतंस, गरम होतं.
एवढंच म्हणाला तो.
मी थंड पीठ घेऊन घरी आलो.

दिग्दर्शकानं बोटं पुसली. "चांगली आहे," तो म्हणाला, आणि मला वाटतं, तो खरं बोलत होता. "दोन अडचणी आहेत. आपला काळ जुना. गिरणी नको, जातं करा."

"जात्यावर घरातलीच बाई दळते," मी म्हणालो. "तीच गेली तर दळण आलं कुठून?"

"बरं, ते बघू. पण सर, तो मरताना तिला शेवटचं काहीतरी सांगतोय. पीठ? त्याला थोडं आभाळ पाहिजे. एखादा चंद्र आणता येईल का?"

"येईल की. पण तो येऊन करणार काय?"

तो हसला. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "आज रात्रीत बदलून द्या. उद्याच रेकॉर्ड करतो. तुमचं नाव पडद्यावर, शब्द माझा."

चंद्र मला येतो. एम.ए.ला दोन वर्षं आम्ही दुसरं काय वाचलं? दहा मिनिटांत मी त्याला चंद्र दिला असता, वर चाफा फुकट. पण गिरणी काढायची म्हटल्यावर माझ्यापुढं पांढऱ्या भुवया आल्या, आणि मी म्हणालो, "न्हाई जमायचं." वर्गात मी नेहमी 'नाही' म्हणतो. त्या वेळी 'न्हाई' आलं.

परत येताना टेम्पोत मामा माझी फाईल मांडीवर घेऊन बसले होते. मग म्हणाले, "त्यो गिरनीवाला म्हंजी दाजीच न्हवं?"

"व्हय."

"असंच बोलतंय ते. माझं दळन र्‍हायलं तवाबी असंच म्हनालं हुतं." थोड्या वेळानं म्हणाले, "पर मला समजलं की रं सगळं. मग हिला कविता कशाला म्हनतोस?"

हा टोमणा होता की शाबासकी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मामींनी रिकाम्या पातेल्यावर झाकण ठेवलं आणि त्या झोपल्या.

घरी आई म्हणाली, "घालायचा हुतास की चंद्र. तुझ्या बापाचं काय जात हुतं?" वडिलांनी काहीच विचारलं नाही, म्हणून मीच सांगितलं, की नाव येणार नाही. ते "बरं" म्हणाले. का येणार नाही, ते मी सांगितलं नाही. त्यांच्या गिरणीसाठी मी भांडून आलो, हे त्यांना ऐकवणं म्हणजे त्याची किंमत मागणं.

पुढच्या वर्षी सिनेमा लागला. आम्ही सगळे गेलो, मामा-मामीसुद्धा. शेवटी पडद्यावर मंगळवार पेठेची गल्ली आली आणि मी आडवा निघालो. वरून कुणाची तरी कविता ऐकू येत होती. तिच्यात चंद्र होता. चाफा होता. एक विझणारी समई होती. मी मास्तर; मी मनात लाल शाईनं खुणा करत होतो. आणि शेजारी आई पदर तोंडात धरून रडत होती. मागं, पुढं, सगळीकडं नाकं ओढण्याचे आवाज.

"अगं आई, तो मीच आहे," मी हळू म्हणालो. "आणि इथं बसलोय."

"गप बस. तुझ्यासाठी कोन रडतंय? ऐक जरा, काय लिवलंय!"

मी ऐकलं. लपवून काय करायचं, समईच्या ओळीला मीही नाक ओढलं. नंतर फार राग आला, पण तो नंतर.

सिनेमा संपला, दिवे लागले, लोक उठले. पडद्यावर नावं वर सरकायला लागली. मामा म्हणाले, चला. वडील उठेनात. अक्षर अक्षर जोडून वाचणारा माणूस, नावं भराभर पळत होती, तरी ते मान वर करून एकेका नावाच्या मागं लागले होते. मी वाकून सांगितलं, "आपलं नाही त्यात. सांगितलं होतं तुम्हाला."

"व्हय, म्हाईत हाय," ते म्हणाले, आणि पडदा पूर्ण काळा होईपर्यंत बसून राहिले. मग त्यांनी अंधाऱ्या पडद्याकडं बोट करून माझ्याकडं बघितलं.

"ह्यात एवढ्या जनांची नावं हायती," ते म्हणाले. "पर ज्यांनी ज्यांनी न्हाई म्हटलं, त्यांची कुठं लावत्यात?"

"कुठंच न्हाईत," मी म्हणालो.

"तुझा मामा बोलला मला, गिरनीचं," ते म्हणाले, आणि खुर्चीखाली पायानं चपला शोधायला लागले.