घाटात हसलेली गाडी

आमची आई म्हणायची, या पोरीच्या हातात बैलगाडी दिली तरी ही बैलांना धाप लावेल. पाहुण्यांसमोर मात्र ती हे कधी बोलली नाही, म्हणून माझं लग्न झालं.

अकोल्याहून मी अमरावतीला नांदायला आले आणि सासरी चक्क मोटार निघाली! मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ती लढाईच्या आधीची विलायती गाडी एका जिनिंग फॅक्टरीच्या मॅनेजरकडून घेतली होती. आमचे हे दंतवैद्य. दाढ उपटताना ज्यांचा हात जराही कापत नाही, ते स्टिअरिंगला हात लावला की घामाघूम व्हायचे. मामाजींची नजर अधू झाली तेव्हा गाडी चालवायची कुणी, असा प्रश्न पडला, आणि तो मी आनंदाने सोडवला. मी शाळेत विज्ञान शिकवायला जायचे ती स्वतः गाडी हाकत. टांगेवाले घोडे थांबवून बघायचे. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू.

पण गाडीचं वय झालं होतं. मैल मोजणारा आकडा कितव्यांदा शून्यावरून पुढे निघालाय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सपाटीवर ती निळा धूर सोडत का होईना पण चालायची. चढ आला की बसकण मारायची. चिखलदऱ्याचा घाट तिने लागोपाठ दोन उन्हाळे अर्ध्यावर सोडला. दुसऱ्या खेपेला आम्ही बटाट्याच्या ट्रकला दोर बांधून वर पोचलो आणि मामाजी तीन दिवस कुणाशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी बोलले ते एवढंच, की परतवाड्याच्या एका बागाईतदाराला विहिरीवरच्या पंपासाठी हे इंजिन हवं आहे. पुढच्या मे महिन्यात घरची पाच माणसं घेऊन, कुणी खाली न उतरता गाडी वर चढली तर राहील. नाही चढली तर येताना परतवाड्यालाच सोडून येऊ.

त्यांच्या दृष्टीने विषय संपला. माझ्या दृष्टीने मात्र तो तिथेच सुरू झाला. गाडी गेली म्हणजे मी पुन्हा टांग्यात, बायकांच्या जागी, मागे तोंड करून बसणार. समोरचा रस्ता बघायची एकदा सवय लागली की मागे पळणारा रस्ता बघवत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात शाळेला सुटी लागली तशी मी गाडी घेऊन यांच्यासह माहेरी आले आणि दादापुढे रडगाणं गायलं. माझा थोरला भाऊ विमानदलात फिटर होता आणि तिथून सुटल्यावर त्याने अकोल्यात गॅरेज टाकलं होतं. दादा म्हणजे गप्पांचा कारखाना. त्याचं निम्मं ऐकायचं आणि उरलेलं सोडून द्यायचं, असा घरातला रिवाज. तो म्हणाला, लढाईत विमानांना उंचावर दम कमी पडायचा तेव्हा इंजिनात हसवणारा वायू सोडायचे. आम्ही सगळे हसलो. हे हसले नाहीत. त्यांनी हातातली कपबशी खाली ठेवली आणि विचारलं, "नायट्रस ऑक्साइड म्हणता का तुम्ही?"

कारण तो यांच्या दवाखान्यात होता! दात काढताना दुखू नये म्हणून यांनी हौसेने निळं नळकांडं मागवलं होतं. पण डॉक्टर नशा देऊन दात काढतात अशी गावात आवई उठली आणि पेशंट म्हणू लागले, आमाले तसंच काढून द्या. तेव्हापासून ते नळकांडं कोपऱ्यात उभं होतं.

मला त्या रात्री आनंदाने झोप लागली नाही. दादाने मात्र दुसऱ्या दिवशी माझ्या उत्साहावर पाणी ओतलं. हा वायू स्वतः जळत नाही, तो आगीला जास्तीचा प्राणवायू पुरवतो, हे मलाही माहीत होतं. पण त्याबरोबर जास्तीचं पेट्रोल गेलं नाही तर काय होतं, हे मला माहीत नव्हतं. दादा म्हणाला, "नुसती फुंकणी मारत राहिली अन् लाकूड सारलं नाही, त हे पिस्टन मेनावानी वितळते. म्हातारं इंजिन हाय. आधी त्याची छाती तपासू, मंग दंडबैठका काढाले लावू."

छाती तपासली तर चारपैकी एक सिलिंडर अगदीच लेचापेचा निघाला. त्याच्या रिंगा बदलल्या, नवं गॅसकेट घातलं आणि वर्षानुवर्षांचा साठलेला कार्बन खरवडून काढला. तो निखाऱ्यासारखा तापतो आणि पेट्रोल वेळेआधीच पेटवतो म्हणे. वायूच्या नळीचं तोंड दादाने इतकं बारीक ठेवलं की सुईसुद्धा अडून बसेल. मी म्हटलं, जरा मोठं कर की. त्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने आत जाऊन चहा टाकला. जास्तीच्या पेट्रोलला वेगळा डबा आणि वेगळा नळ बसवला. जोडांना तेलाचा किंवा ग्रीसचा हात लागू द्यायचा नव्हता, ते काम यांनी दवाखान्यातल्यासारखे हात धुऊन केलं. यांनी अमरावतीला जाऊन आणलेलं नळकांडं त्यांच्याच सीटजवळ उभं आवळून बांधलं आणि अकोल्याचं ऊन ते, म्हणून त्याला ओलं गोणपाट गुंडाळलं. काचा मात्र सदैव उघड्या ठेवायच्या, नाहीतर गाडीऐवजी आपणच हसत बसू.

बाळापूरच्या रस्त्यावर आम्ही पहिल्यांदा प्रयोग केला. इंजिनातली ठिणगी जरा उशिरा पडावी म्हणून मी तिची कळ थोडी मागे घेतली आणि पॅडल पार खाली दाबलं. यांनी आधी पेट्रोलचा नळ सोडला, मग वायूचा. अहो, काय सांगू! मागून कुणीतरी दोन्ही हातांनी ढकलावं तशी गाडी उसळली. बाभळी सरसर मागे गेल्या, माझा पदर उडाला आणि मी मोठ्याने ओरडले. थोडा वेळ, फक्त थोडाच वेळ, मग यांनी आधी वायू बंद केला आणि मग पेट्रोल. थांबून पाहिलं तर नळकांड्याच्या तोंडाशी पांढरं बर्फ जमलं होतं. अकोल्यात, मे महिन्यात! दादाने ते बोटाने खरवडून माझ्या कपाळाला लावलं.

अमरावतीत बातमी पोचायला वेळ लागला नाही. शेजारचे विचारू लागले, गाडी हासते म्हंता, मंग दात कुठं हायेत तिचे? मी म्हटलं, हसतील त्यांचे दात दिसतील, आणि ते बघायला आमच्या घरी डॉक्टर आहेत.

ठरल्या दिवशी पहाटे निघालो. पुढे मी आणि हे, मागे मामाजी, सासूबाई आणि मुद्दाम आलेला दादा. मामाजी काठीवर हनुवटी टेकवून असे बसले होते, जणू निकाल लिहून आणलाय. परतवाडा मागे पडला, घाट लागला, आणि पहिल्या खड्या चढाला गाडी नेहमीसारखी कण्हू लागली. मी यांना म्हटलं, "सोडा." गाडीने उसळी घेतली, आणि मागल्या उन्हाळ्यात जिथे आम्ही ट्रकची वाट बघत बसलो होतो ते वळण पायाखालून निघून गेलं.

मागून हसण्याचा आवाज आला. मामाजी हसत होते! पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. यांनी बापाला जन्मात असं हसताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे वायू गळतोय अशी खात्री होऊन यांनी घाबरून नळ बंद केला आणि जोड तपासायला वाकले. "अरे, काही गळून नाही राह्यलं," मामाजी म्हणाले. "सोड आनखी एकखेपी."

आणखी सोडला, पुढच्या चढाला पुन्हा सोडला. माथा दिसू लागला. शेवटचा चढ उरला होता आणि मी मनातल्या मनात जिंकलेसुद्धा होते, तेवढ्यात इंजिनातून आवाज आला, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा. दादाने शंभरदा बजावलेला तोच आवाज. जास्तीच्या पेट्रोलचा डबा संपत आला होता. फुंकणी चालू होती आणि लाकूड संपलं होतं. अजून थोडं दामटलं असतं तर कदाचित वर पोचलो असतो, आणि कदाचित पिस्टन तिथेच वितळलं असतं. हे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मला इतका राग आला की स्टिअरिंगवर डोकं आपटावंसं वाटलं. पण जी गाडी मला सोडवत नव्हती तिला मीच कशी जाळू?

"बंद करा," मी म्हटलं.

गाडी धापा टाकत हळूहळू थांबली. माथा इतका जवळ होता की वरच्या चहाच्या टपरीतलं बोलणं ऐकू येत होतं. मी ब्रेक दाबून धरला, दादाने उतरून चाकांखाली दगड लावले. मग दादाच खिडकीशी येऊन मामाजींना म्हणाला की शब्द म्हणजे शब्द, गाडी बंद पडली, आता तुम्ही म्हणाल तसं. बोलघेवडा माझा भाऊ, पण एवढंच बोलून बाजूला झाला.

मामाजी काठी टेकत उतरले. त्यांनी धोतर खोचलं.

"कोन म्हन्ते बंद पडली?" ते दादाला म्हणाले. "मीच सूनबाईले थांबवाले सांगतलं, पाहुने. माहे पाय आखडले होते."

सासूबाई, हे, दादा, सगळे उतरून मागे गेले. मीही दार उघडलं, तर मामाजींनी ते बाहेरून लावून घेतलं.

"तू नको उतरू," ते म्हणाले. "चाक तुह्याच हाती राहू दे." आणि काठी मागच्या सीटवर टाकून ते गाडी ढकलायला गेले.