बुटातल्या गादीवर भरोसा बसून नाही राहिला

बायांनो, मी कारखान्यात सफाईवर आहे. आठ तास पायात लोखंडी टोकाचे बूट. टाच इतकी दुखते का उभं राहवत नाही, अन् बसली तर मुकादम घरी पाठवते.

म्हणून आज इतवारीच्या बाजारात बुटात टाकायची गादी घ्याले गेली. दुकानदारानं मऊमऊ दाखवली. "ताई, एकदम आराम!"

मी अंगठ्यानं दाबली, तर चपटीच झाली. "भाऊ, अंगठ्याले झेलत नाही, मले काय झेलन?"

मंग त्यानं कडक, मधात उंच असलेली काढली.

"ही काहून लपवली होती गा?"

"बाया मऊच मागतात!"

बुटात टाकून वीस मिनिटं दुकानातच उभी राहिली. टाच कमी दुखली. पण आठ तास टिकन का? कोणी वापरली असन तर खरं सांगा. दुकानवाल्यांनी बोलू नये.