सिस्टरांची मुलतानी

"इथं नाव कुठंय?" असं म्हणून सिस्टर कॉम्प्युटरच्या काचेवर नखानं टकटक करायच्या. पडदा नवा कोरा होता, माझा जीव खालीवर व्हायचा. पण त्यांचं नख रिकाम्या रकान्यावरून हलायचं नाही.

सगळा आळेफाटा त्यांना सिस्टरच म्हणायचा. सगळी नोकरी त्यांनी जुन्नर-आंबेगावच्या सरकारी दवाखान्यांत बाळंतपणं करण्यात घालवली, आणि कुणी बाई अडलेली नसेल तेव्हा क्वार्टरमध्ये रेडिओवरचं, नाहीतर आसपासच्या मैफलींत जाऊन तिथलं शास्त्रीय गाणं कॅसेटवर भरून घेतलं. निवृत्त होऊन पिंपळवंडीला आल्यावर त्या सगळ्या कॅसेटी सलाइनच्या खोक्यांत भरून माझ्या दुकानात घेऊन आल्या. दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी मंचरच्या बाजारात गोणी उचलत वर आलेला माणूस. आधी कॅसेटचं दुकान टाकलं, मग कॉम्प्युटर घेतला. घासाघिशीत मला कुणी हरवलेलं नाही. सिस्टरांनी हरवलं. "तुमच्या थोरल्याचं बाळंतपण मी केलंय, भाऊ. बोला आता." मी खोकी आत घेतली.

काम असं : कॅसेट वाजवायची, कॉम्प्युटरमध्ये उतरवायची, आणि प्रत्येक गाण्याचे रकाने भरायचे. राग, गायक, अल्बम. "अल्बम? हे काय लगीन हाय व्हय?" त्या रकान्यात त्यांनी गाणं जिथं झालं त्या गावाचं नाव घालायला लावलं. तबलजी, पेटीवाला, मागं तंबोऱ्यावर बसलेली शिष्या, सगळे शेऱ्याच्या रकान्यात.

"सिस्टर, तंबोऱ्यावर कोण होतं हे कोण विचारतंय?"

"तिची आई विचारती."

दवाखान्यात मनगटाला नावाची पट्टी बांधल्याशिवाय त्या पोर आईजवळून हलू द्यायच्या नाहीत. तोच खाक्या. तुम्ही म्हणाल, कटकटी बाई. मीही म्हणायचो. पण दुसरं खोकं संपेपर्यंत मला ते वेड लागलं. सकाळी शटर अर्धं वर असतानाच मी कॅसेट लावायला लागलो.

मग वाटलं, आपणही काही करून दाखवावं. आठवडाभर खपून मी पंचवीस-तीस गाण्यांची सुरुवात साफ केली. खोकले, कपबश्या, खुर्च्या ओढल्याचे आवाज, सगळं कापलं. सिस्टरांनी ऐकलं आणि भर दुकानात, गिऱ्हाइकांदेखत म्हणाल्या, "तुमाला कान न्हाई, भाऊ."

हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. विसरणारही नाही. संतापाच्या भरात त्या सगळ्या कॅसेटी पहिल्यापासून पुन्हा उतरवल्या. एक शिंक सोडली नाही.

त्यातच ती मुलतानी होती. घोडेगावला बदली झाली तेव्हा सिस्टरांना क्वार्टरच्या माळ्यावर सापडलेली कॅसेट, वर फक्त रागाचं नाव. एका कोवळ्या मुलीचा आवाज, पण लागला की दुकानातलं बोलणं थांबायचं. सगळ्या संग्रहात गायकाचा एवढाच रकाना रिकामा राहिला होता. सिस्टरांचा मुलगा त्यांना कायमचं नाशिकला न्यायला बसला होता, आणि त्या त्याला तारखा बदलायला लावत होत्या. "हिचं नाव लागल्याबिगर मी जायची न्हाई."

पुन्हा उतरवताना, आधी मी न ऐकताच कापलेलं, गाण्याआधीचं मिनिट वाजलं. तंबोरा जुळतोय, बांगड्या वाजताहेत, आणि खिडकीतून यावा तसा लांबून एक पुकारा : "बोला, बोला, बटाटाऽ, बोला!" शेवटच्या 'बोला'ला आवाज फाटलेला. मी खुर्चीतून उठलोच! उमेदीची सहा वर्षं मी त्या आवाजासमोर उभा होतो. मंचरच्या बाजारात लिलाव पुकारणारे काका!

"सिस्टर, गाडीत बसा!"

काका थकले होते, पण सोबत नेलेल्या सीडीवर ते मिनिट लावताच ताठ झाले. "आरं, हे माझंच की! शेजारच्या हॉलात हळदीकुंकू व्हतं. गुळाच्या आडत्याची पोरगी गायली. लिलाव थांबवला राव मी. कधी थांबवला न्हवता." आणि खरंच, पहिला सूर लागला तसा पुकारा बंद. नाव मात्र त्यांना आठवेना. "घोडेगावात दिली तिला," म्हणाले, आणि सासरच्या घराची खूण सांगितली. आम्ही पुढ्यातला चहा तसाच सोडून निघालो.

घोडेगावला पन्नाशीच्या एक बाई ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होत्या. सिस्टरांनी ओळख सांगितली, मी गाणं लावलं.

"आधी बंद करा ते."

मग आत डोकावून आल्या आणि हळूच म्हणाल्या, "परत लावा. बारीक." गाणं संपेपर्यंत हातातली शेंग तशीच होती. "नाव नका लिहू, सिस्टर. मी गात होते हे या घरात कुणाला ठाऊक नाही. इथं गाणं चालत नव्हतं, म्हणून तर कॅसेट तुमच्या आधीच्या सिस्टरांकडं ठेवली होती."

सिस्टरांचं तोंड उतरलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. पण सौदा मोडायला आला की मी थंड होतो, बाजारातली सवय.

"ताई, लग्नात नाव बदललं असेल ना?"

"हो."

"मग हे या घरातल्या बाईनं गायलेलंच नाही. जिनं गायलं, तिचं नाव द्या."

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. मग एक नाव तोंडातल्या तोंडात पुटपुटल्या.

सिस्टर पुढं सरकल्या. "मोठ्यानं. बारशाला सांगत्यात तसं."

दुसऱ्यांदा ते नाव मोकळ्या गळ्यातून आलं. इथं मी ते लिहीत नाही, शब्द दिला आहे.

परतीच्या वाटेवर सिस्टर गाडीत चक्क गुणगुणत होत्या. संधी साधून मी म्हणालो, "आता तरी कबूल करा, मला कान आहे."

"तुमी लिलाव वळखला, भाऊ. गाणं न्हाई."

त्याच संध्याकाळी रकाना भरला. आठवड्याभरात सिस्टर नाशिकला गेल्या.

दोनेक वर्षांनी त्यांच्या मुलानं सिस्टर गेल्याचं फोनवर कळवलं. त्यानंतर महिनाही झाला नसेल, दुकानातला फोन वाजला. एका बाईनं ठणठणीत आवाजात नुसतं नाव सांगितलं, आडनाव नाही, सासर नाही. "सिस्टरांना निरोप द्या, बागेश्री बसवलीय. भरून घ्यायला कधी येऊ?"

मी सिस्टर गेल्याचं सांगितलं.

"ताई, मशीन चालू आहे," मी म्हणालो. "उद्या या."

"येते," त्या म्हणाल्या. "हे पण येणार आहेत. त्या दिवशी मागल्या दारातून यांनी सगळं ऐकलं होतं. यांनीच मागं लागून बसवायला लावली."