आप्पांचा स्वच्छ नमुना

बनारसच्या एका सरकारी इस्पितळात मी लोकांचे बेडके तपासते. कुणी विचारलं तर ‘लॅबमध्ये असते’ एवढंच सांगते. पुढचं सांगितलं की समोरचा हातातला लाडू खाली ठेवतो.

माझे सासरे, आप्पा, रामघाटावरच्या आमच्या घरीच मुलांना वेदाची संथा देतात. थंडी गेली तरी त्यांचा खोकला जाईना. संध्याकाळी अंग कढत, सदरा खांद्यावरून उतरायला लागलेला. ‘हवा बदलतेय, सूनबाई,’ म्हणायचे. आमची पाच वर्षांची लेक रोज दिवेलागणीला त्यांच्या मांडीवर बसून गोष्टी ऐकायची. आप्पांची काळजी होतीच, पण खरं सांगते, माझा जीव आधी पोरीसाठी टांगणीला लागला होता.

शेवटी मी त्यांच्या हातात डबी दिली. म्हटलं, ‘सकाळी उठल्या उठल्या खोल श्वास घ्यायचा, जोरात खोकायचं आणि छातीतलं यात काढायचं.’ आप्पा ‘बरं’ म्हणाले. सकाळी डबी मिळाली, बाहेरून पुसूनबिसून. आत पाण्यासारखं काहीतरी नितळ.

लॅबमधल्या सहकाऱ्यानं डबी उजेडात धरली. ‘मॅडम, ये तो लार है.’ तरी मी काचेवर पसरून, रंग देऊन पाहिलं. क्षयाचा जंतू एकही नाही. असणार कुठून? तोंडातली लाळ ती, छातीतलं त्यात काही नव्हतंच. घरी फोन करून ‘जंतू दिसले नाहीत’ म्हणाले, आणि पुढचं बोलेपर्यंत सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवलीसुद्धा. मी म्हटलं, ‘देवाला जरा थांबायला सांगा.’

संध्याकाळी आप्पांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, ‘अगं, पारोशानं कसं द्यायचं? स्नान केलं, संध्या केली, चांगल्या खळखळून चुळा भरल्या, मग दिलं. परक्याच्या हातात घाण द्यायची म्हणजे काय?’ मंत्र म्हणताना आलेला खोकला गिळायचा, थुंकलंच तर आचमन करायचं, यात जन्म गेलेला माणूस. पण माझं डोकं सणकलं. ‘आप्पा, मला घाणच हवी आहे! सरकार मला त्याचाच पगार देतं!’

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांना पारोसंच गच्चीवर नेलं. गंगेकडे तोंड करून थुंकणार नाही म्हणाले. बरं, पाठ करा. मी लांब उभी राहिले. ‘मुलांना सांगता ना, आवाज बेंबीपासून काढा म्हणून? तसाच खोकला काढा.’ ते त्यांना लगेच कळलं. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं. ‘शी, शी, शी,’ म्हणत त्यांनी तोंड फिरवून डबी पुढे केली. पिवळं, घट्ट. मी म्हटलं, ‘वा आप्पा, फर्स्ट क्लास!’ अशी शाबासकी त्यांनी उभ्या जन्मात कुठल्या शिष्याला दिली नव्हती.

निळा रंग दिलेल्या काचेवर क्षयाच्या जंतूंच्या लाल काड्या लगेच दिसल्या. मशीननंही क्षयच सांगितला, आणि मुख्य औषध लागू पडेल हेही सांगितलं. मी घरी आले, तोंडाला मास्क लावला आणि आप्पांना सगळं सांगितलं. टीबी आहे, औषधं नेमानं घेतली की बरा होतो. तूर्त संथा बंद. मुलांची तपासणी होईल.

‘आणि आपली छकुली?’

‘तिचीही.’

आप्पा उठले, आपल्या खोलीत गेले आणि आतून कडी लावली. औषधाचं काय, खाण्याचं काय, मी बाहेरून विचारत राहिले. मला राग आला, मग भीती वाटली.

दिवेलागणीला लेक दाराशी गेली. ‘आजोबा, गोष्ट!’ मी तिला मागे ओढलं. म्हटलं, ‘आजोबा जप करतायत.’ तिनं हात सोडवला, दाराला कान लावला आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, ‘नहीं आई, आजोबा रो रहे हैं.’