विश्रांतीची मुदत

"आल्झो, आता मी रागावणार आहे," असं बाई आधी सांगायच्या आणि मगच रागवायच्या. 'आल्झो' म्हणजे जर्मनमध्ये 'तर मग'. आवाज चढत नसे. पुढचं स्टेशन जाहीर करावं तसं त्या जाहीर करत आणि समोरच्याला सावरून बसायला अर्धं मिनिट देत. त्यानंतर मात्र त्याची धडगत नसे.

हॅम्बर्गला त्या आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या. वडील कॅमेरूनचे, जहाजाच्या भट्टीत कोळसा टाकणारे. आई इथलीच, शहराच्या आल्टोना भागातली. बाईंनी जन्मभर सुईणीचं काम केलं. आमच्या गल्लीतली निम्मी माणसं त्यांच्या हातात पहिल्यांदा रडली असतील. तरी दुकानात कुणीतरी कौतुकाने म्हणायचंच, "तुमचं जर्मन किती छान आहे हो!" बाई हसून उत्तर द्यायच्या, "तुमचंही."

गुडघे दुखायला लागल्यावर त्यांनी मला बादली उचलायला बरोबर नेलं. शनिवार होता, पाऊस होता, आणि आम्ही निघालो होतो जुन्या दफनभूमीत. पिशवीत मऊ साबण आणि दात घासायचे चार ब्रश. दफनभूमीच्या कडेच्या एका पट्टीत शंभरेक वर्षांपूर्वी या शहरात आलेली आफ्रिकन माणसं पुरलेली आहेत. खलाशी, स्वयंपाकी, भाषा शिकवणारे, एक शिंपी. बाई एकेका दगडावरचं शेवाळ लहान बाळाचं डोकं धुवावं तसं काढत.

तुमच्यापैकी जे जर्मनीत राहतात त्यांना हे ठाऊक असेल. इथे कबर कायमची नसते. ठरावीक वर्षांसाठी जागा मिळते, तिला 'रुएत्साइट' म्हणतात, म्हणजे विश्रांतीचा काळ. तो संपला आणि कुणी अर्ज केला नाही, तर दगड उचलतात आणि जागा दुसऱ्याला देतात. बाईंच्या वडिलांचं तेच झालं. कचेरीचं पत्र जुन्या पत्त्यावर गेलं. बाई फुलं घेऊन पोचल्या तेव्हा तिथे भलत्याच आडनावाचा नवा दगड उभा होता.

"विश्रांती संपली म्हणे," त्या म्हणाल्या. "मेलेला माणूस उठून कामाला जातो का?"

त्या पट्टीत एक दगड होता, त्याच्यापाशी त्या सगळ्यात जास्त वेळ बसत. त्यावर कोरलं होतं, 'ख्रिश्चन, आमचा इमानी मूर'. मूर हा काळ्या माणसासाठी इथला जुना, तुच्छतेचा शब्द. चर्चच्या जुन्या वह्या चाळून बाईंनी त्याचं खरं नाव शोधून काढलं होतं: कुवा एसोम्बे. पोरवयात एका व्यापाऱ्याने त्याला घरी नोकर म्हणून आणलं. मोठेपणी तो घर सोडून छापखान्यात जुळारी झाला. आपल्या मुलखात चाललेल्या जुलमाविरुद्ध त्याने स्वतःच्या हाताने अक्षरांचे खिळे जुळवून पत्रकं छापली. तो मेला तेव्हा दगड मात्र व्यापाऱ्याच्या घरच्यांनी बसवला.

"घर सोडून त्याला वीस वर्षं झाली होती," बाई म्हणाल्या. "मेल्यावर मालकाने त्याला पुन्हा नोकरीला ठेवलं."

मग त्यांनी विचारलं, मूरला तुमच्या भाषेत काय म्हणतात? मी म्हणालो, हबशी. मी मुरुडचा. समोर जंजिरा, जवळच आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींचे घुमटबंद मकबरे. लहानपणी आम्ही तिथे खेळायला जायचो. आणि शाळेत सावळ्या पोराला हबशी म्हणून चिडवायचो, तेही मी सांगून टाकलं. बाईंनी ब्रश थांबवला. "म्हणजे घुमट त्यांनी बांधले आणि शिवी तुम्ही ठेवलीत." मला वर बघवेना.

पुढच्या वर्षी ती सगळी पट्टी सपाट करायची नोटीस लागली. हरकती ऐकायला सभा ठेवली होती. बाईंनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. माझा नागरिकत्वाचा अर्ज तेव्हा कचेरीत अडकला होता. नाव कुठे यायला नको, म्हणून मी मागच्या रांगेत बसून राहिलो.

अधिकारी गोड बोलणारा होता. म्हणाला, आपल्या शहराच्या या जुन्या पाहुण्यांबद्दल आम्हाला आदरच आहे, पण नियम सगळ्यांना सारखा. बाई उठल्या.

"पाहुणा परत जातो," त्या म्हणाल्या. "हा माणूस इथे पुरलाय."

मी जागचा उठलो नाही. घरी येताना बसमध्ये त्या खिडकीकडे बघत होत्या. जिन्यात किल्ली काढताना शांतपणे म्हणाल्या, "तू अजून पाहुणा आहेस. पाहुण्याने जपूनच बोलावं."

शिवी परवडली असती. दुसऱ्या दिवशी मी हरकतीवर सही केली आणि त्यानंतरचं प्रत्येक पत्र आम्ही दोघांनी मिळून लिहिलं. कचेरीकडून उत्तरं येत: विचाराधीन आहे, दुसऱ्या खात्याकडे पाठवलं आहे, कागद सापडत नाही. सहा वर्षं गेली. सत्तरी उलटलेल्या बाईला एका दगडासाठी जिने चढायला लावताना त्यांच्यातल्या एकालाही लाज वाटली नाही. शेवटी पट्टी राखायची आणि नवा नामफलक लावायचा असं ठरलं. मंजुरीचं पत्र आलं तेव्हा बाई जाऊन अकरा दिवस झाले होते.

मे महिन्यात फलक लागला. कुवा एसोम्बे, जुळारी. समारंभाला तोच अधिकारी. शहराने आपल्या इतिहासाची दखल घेतली, असं तो म्हणाला. बाईंचं नाव त्याने घेतलं नाही. मी उठलो आणि माझ्या चुकीच्या व्याकरणाच्या जर्मनमध्ये म्हणालो, "शहराने दखल घेतली नाही. एका सुईणीने घेतली, आणि तुम्ही तिला सहा वर्षं दारात उभं ठेवलंत." तो म्हणाला, आज वाद नको, आज समारंभ आहे. मी बाईंचं नाव मोठ्याने घेतलं आणि बाहेर पडलो.

बाहेर पडून सरळ दफनभूमीच्या कचेरीत गेलो. बाईंना मागे कुणी नव्हतं; त्यांच्या कबरेची जबाबदारी कुणाच्या तरी नावावर करायची होती. फॉर्मवर 'नातं' असा रकाना होता. मी लिहिलं, शेजारी. टेबलापलीकडची कारकून म्हणाली की पंचवीस वर्षांनी मुदत संपेल, तेव्हा तुम्हाला पत्र येईल. माझं वय पाहून ती जराशी अडखळली. तेव्हा मी ऐंशीचा असेन.

"पाठवा," मी म्हणालो. "मी इथेच असणार आहे."