दोनदा मेलेला शिपाई

आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात सध्या असे सांगितले जाते की त्या रविवारी मी चित्रपटाची कथा मनाने रचली. हे साफ खोटे आहे.

पनवेलला मंडळाच्या सभागृहात रविवारी दुपारी जुने चित्रपट दाखवतात. चित्रपट इंग्रजी असला की पडद्याशेजारी उभे राहून मराठीत अर्थ सांगण्याचा मान माझा. सरकारी कचेरीतला इंग्रजी पत्रव्यवहार मी आयुष्यभर सांभाळला, तो उगाच नव्हे. त्या दिवशीचा चित्रपट हॉलिवूडचा, महायुद्धावरचा, कृष्णधवल आणि कमालीचा दरिद्री. सारे जंगल कुंड्यांत लावलेले होते. नट नाकातून बोलत असल्याने शब्द कळेनात. परंतु माझे डोळे शाबूत आहेत. आरंभीच नदीकाठी मेलेला जाड भुवयांचा शिपाई पुढे शत्रूच्या छावणीत पहारा देताना मला दिसला. मी तत्काळ जाहीर केले, "हा मेलाच नव्हता. हा आपला हेर आहे!"

सभागृह थरारले. तेवढ्यात इंग्रजीचे एक निवृत्त मास्तर उठले. "अहो साहेब, कसला हेर? माणसं कमी पडली म्हणून तोच नट दोनदा वापरलाय."

"निर्माता तुमच्या कानात सांगून गेला वाटतं?" मी विचारले.

कार्यकारिणीने मात्र माझा मान काढून मास्तरांना दिला आणि पुढच्या रविवारी तोच चित्रपट पुन्हा लावला; म्हणे, लोकांचा गैरसमज दूर व्हावा!

मास्तर शब्दाला शब्द सांगू लागले. "कप्तान म्हणतो, पूर्वेकडे चला. सार्जंट म्हणतो, बरं." पुढच्या दोन रांगा घोरू लागल्या. मग छावणीत त्या भुवया अवतरल्या. मिठागरवाल्या घरातल्या एक आजी मागून ओरडल्या, "मास्तर, यो मगाशी मेलता ना? आता कसा आयला?"

"आजी, संवादात तसं काही नाही."

"संवाद र्‍हाऊ द्या! डोल्यांना दिसतंय ता सांगा, नाय त खाली बसा!"

मास्तर खाली बसले. मी सावकाश उठलो, सदरा नीट केला आणि हेराची कामगिरी जिथे सोडली होती तिथून पुढे सांगू लागलो. पूल उडवताना तो खरोखर मेला, तेव्हा तीन बायका हुंदके देऊन रडल्या. मास्तरांनीही चष्मा काढून पुसला. घामाने काच धुरकटली होती, असे ते सांगत फिरतात. तेही खोटे आहे.